खो

चिमणबागेच्या मैदानावर काल पुन्हा लग्नाचा मांडव होता.
सकाळ गेली खुंट्यांची भोकं बुजवण्यात.
इथली काळी माती बोटांना धरून बसते,
हात धुतले तरी नखांत उरते.

मी चुन्याची रेघ ओढत होतो तेव्हा चारुता आली,
हातात पुण्याचं पत्र.
वसतिगृह, खुराक, बूट, महिन्याला काही हजार
आणि तळाशी त्यांच्या सरांच्या अक्षरात:
महाराष्ट्रात ये. आपल्या घरी ये.

ती ओळ तिनं दोनदा वाचली.
'सर, हे कुणाच्या घराबद्दल बोलून राहिले?'

शिफारस मीच लिहिली होती,
तीन रात्री, ऱ्हस्वदीर्घ तपासत,
आपल्या इंदुरी मराठीला तिथं कुणी हसू नये म्हणून.
मी गेलो होतो एकदा. दोन वर्षं.
माझ्या वाक्यांच्या शेपट्यांना पोरं हसायची.
मी बोलणं कमी केलं,
मग खेळही कमी झाला.
हे तिला कधी सांगितलं नाही.

रागावलो. मोजून दाखवलं:
आपले ट्रॅकसूट स्पर्धा संपल्यावर येतात,
भत्ता त्याहून उशिरा,
डॉक्टर म्हणजे माझ्या पिशवीतली हळद आणि चिकटपट्टी.
इथं आहे काय?

तिनं हनुवटीनं मैदान दाखवलं.
आठ चौकोन, आठ पाठी.
रुखसार, कौशल्या बिल्लोरे, ती महूची ठेंगणी,
एक इकडे तोंड करून, एक तिकडे,
कुणाला शेजारणीचा चेहरा दिसत नाही
आणि खो तर पाठीमागूनच येतो.
'रुखसार माझं पाऊल ओळखते, सर.
हात लागायच्या आत उठायला तयार.
हे तिथं कुठल्या खोलीत मिळतं?'

संध्याकाळी फाटकावरचे यादवजी म्हणाले,
'सुना है मास्टरजी, पूना ने लड़की खो दी.'
त्यांच्या बोलीत खो देणं म्हणजे हरवणं.
माझ्या बोलीत, दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून
त्याला उठवणं
आणि त्याच्या जागी आपण खाली बसणं.
या गावात दोन्ही अर्थ एकाच नर्मदेचं पाणी पितात.
तिसरा माझ्या बायकोनं काढला, ताट वाढताना:
'पोरीच्या नशिबात तुम्ही तर नाही ना खो घातलात?'
रात्रभर तो तिसराच वाजत राहिला.

डिसेंबरात पश्चिम विभाग. समोर पुणं.
हरलो. एका गुणानं.
शेवटच्या क्षणी जर्सीची कड तिच्या बोटांना लागली होती,
पंचांना दिसली नाही.
त्यांचे सर हात मिळवताना म्हणाले, 'आमच्याकडे असती तर...'
मी शब्द जुळवत होतो,
मागून तीच म्हणाली,
'मग रुखसारला खो कुणी दिला असता?'

परतताना रतलामपर्यंत कुणी बोललं नाही.
नियम असा, की एकदा दिशा घेतली
की खांब गाठल्याशिवाय वळता येत नाही.
माझ्या वेळचे कितीक जण पळत सुटले,
पुणं, दिल्ली, त्याच्याही पुढं.
काहींना खांबच लागला नाही.
काही सुखात आहेत, हेही खरं.

पहाटे उतरलो. कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरत होतं.
तिनं नळाखाली हात धरले, नखं पाहिली.
'सर, आज प्रॅक्टिस?'
मांडव असेल, मी म्हटलं. लग्नसराई आहे.
'मग फावडं आणून ठेवा,' ती म्हणाली,
'भोकं बुजवायला सगळ्या येतो.'