शेत क्रमांक दोनशे सतरा

टेबल टेनिसच्या टेबलावर आम्ही गाव पसरलं.
चार कोपऱ्यांवर मुरंब्याच्या चार भरलेल्या बरण्या,
कारण स्नेलबीचा नकाशा गुंडाळून घ्यायची संधीच शोधतो;
एकशे ऐंशी वर्षं नळीत झोपून त्याची पाठ तशीच झालीय.

डोरीन म्हणाली, अक्षर तुझं बरं आहे, तू लिही.
मी इथली नाही. लग्न होऊन आले त्याला एक्केचाळीस वर्षं झाली,
म्हणजे अजून पाहुणीच.
पाहुण्याच्या हाती पेन दिलं की भांडणं कमी होतात.

तर नावं.
माणसांची चर्चच्या वहीत आहेत: बाप्तिस्मा, लग्न, माती.
ही शेतांची.
उपाशी एकर. कावळ्यांची न्याहारी.
बारा मेंढ्यांचा कोपरा, ज्यात सातसुद्धा मावल्या नसत्या.
लांब शनिवार.
हे असं का, ते तिघांनी छातीठोकपणे सांगितलं,
तिघांनी वेगळं.
मी तिन्ही लिहून घेतली.

मग कुंपणाची झुडपं उपटली त्या सालापाशी आलो.
ट्रॅक्टरला वळायला सोपं जावं म्हणून
सात शेतांचं एक झालं,
आणि त्या एकाचं बारसं करायला कुणी थांबलं नाही.
अनुदानाच्या कागदावर त्याला आकडा आहे.

क्लेमंट पिंचबेक, वय ब्याण्णव, सोमवारी बोलायचा.
रेकॉर्डरपेक्षा त्याची कुत्री जास्त मन लावून ऐकायची.
घोड्यांची नावं, नालांची मापं,
कुठल्या बांधाला ससे, कुठल्या बांधाला नवरे सापडत,
सगळं घडाघडा.
दोनशे सतरावर बोट ठेवलं की गुळणी.
"ओलं असतं ते." बस.
तीन सोमवार ताकास तूर लागू दिली नाही.

चौथ्या सोमवारी यंत्र घरी विसरले.
त्यानं कप खाली ठेवला,
कान आतल्या बाजूनं खाजवला, आणि म्हणाला:
केझायाचा चर.
मार्फ्लीटांकडे दूध काढायची. सतरा वर्षांची.
त्याच्या आजीनं नऊ वर्षांची असताना
तिला दारावर घालून नेताना पाहिलं होतं,
घरातलंच दार, बिजागरीसकट.
नोव्हेंबर होता. पाणी गुडघाभर.
गुडघाभर पाण्यात, आजी म्हणायची,
पाय घसरून कुणी मरत नसतं.

चर्चच्या वहीत मी सगळा नोव्हेंबर चाळला, मग डिसेंबर.
एक म्हातारा, दोन जुळी, घंटेच्या दोराचा खर्च.

समितीत विषय निघाला.
सभागृहाच्या छपराचे पैसे मार्फ्लीटांचे,
नाताळचं झाडही दर वर्षी त्यांच्याच रानातलं,
शिवाय आत्ताचा मार्फ्लीट खरंच भला माणूस आहे.
खजिनदार म्हणाला, एका म्हाताऱ्याची ऐकीव गोष्ट.
लांब शनिवारच्या वेळी हे कुणाला सुचलं नव्हतं.
चार विरुद्ध तीन.
मी शाईनं लिहिलं: ओलं शेत. सुवाच्य.
घरी येऊन बराच वेळ भांडी घासली,
घासलेलीच.

प्रदर्शनाला अख्खा गाव आला, पावाच्या वासामुळे म्हणा.
जो तो आधी आपलं घर शोधत होता.
मार्फ्लीट टोपी हातात घेऊन नकाशापाशी वाकला,
चश्मा वर केला, खाली केला,
आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्याच्या त्या शेतकरी आवाजात म्हणाला,
"इथं चुकलंय बघा तुमचं.
आमच्या घरी याला केझायाचा चर म्हणतात.
बाबा म्हणायचे, आजोबा म्हणायचे."

खजिनदारानं केकचा तुकडा तसाच धरून ठेवला.
डोरीनला एकदम किटलीची आठवण झाली.

"कोण होती हो ही केझाया?" त्यानं मला विचारलं,
कारण पेन माझ्या हातात होतं.

मागच्या खुर्चीत क्लेमंट झोपेचं सोंग घेऊन बसला होता,
कुत्री तेवढी माझ्याकडे बघत होती.

मी विचारलं,
सोमवारी सवड आहे का तुम्हाला?