उष्टा धूर

"गाडी खोकते तुझी,"
आर्नल्ड सटक्लिफ म्हणाले,
मी पिशवी खाली ठेवायच्या आधी.
उभा जन्म गिरणीच्या बॉयलरपाशी गेलेला माणूस;
डोळे गेलेत, कान जागेवर आहेत.
मी हसले. गुडघ्यावर बसून पट्टी सोडवू लागले.
टॉडमॉर्डनमध्ये कोण खोकत नाही?
इथले दगडसुद्धा अजून काळे आहेत
कधीच्या विझलेल्या धुरांड्यांनी.

पण चढावर खरंच दम लागत होता तिला.
क्रॉस स्टोन रोडला तिसऱ्यावरून दुसऱ्यावर,
मागे कुणाची तरी अधीर व्हॅन,
आणि डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा,
ज्याला मी महिनाभर सांगत आले होते:
उद्या बघू.

हेझल ऑर्मरॉडचं गॅरेज कालव्याच्या अंगाला.
तिने मॅनिफोल्ड काढून बाकावर आडवं केलं.
"घाल बोट."
मनगटाएवढी वाट,
आत करंगळी जाईल इतकीच उरलेली.
काळं, ओलसर, खरवडीसारखं चिकटलेलं.
काजळी म्हणावी तर काजळी कोरडी असते;
कंदिलाची काच राखेने पुसता येते.
हा तेलात मळलेला धूर.

"इंजिन आपलाच थोडा धूर परत आत घेतं," हेझल म्हणाली.
"मुद्दाम. बाहेरची हवा कमी बिघडावी म्हणून."
म्हणजे उष्टं खातं, मी पुटपुटले.
"काय?"
उष्टं. कसं सांगू.
तोंड लावलेलं, ताटात राहिलेलं,
दुसऱ्याला देऊ नये असं.
ती थांबली, स्क्रेपर हातात.
"लेफ्टओव्हर्स?"
नाही गं. इतकं निष्पाप नाही ते.

मी विचारलं, तो व्हॉल्व्ह बंदच करून टाकला तर?
"एमओटीत नापास होशील.
आणि त्या कोपऱ्यावर शाळा आहे."
एवढंच बोलली. पुढे बराच वेळ नुसतं खरवडणं.

मग विचारलं, "एका वेळी किती लांब जातेस?"
दीड मैल.
"मग?"
बंद. जखम धुते, सही घेते.
मग पाऊण मैल. बंद.
दिवसाला अकरा घरं,
अकरा वेळा नको म्हटलेला चहा.
"तापायच्या आत विझवतेस," ती म्हणाली.
गाडीबद्दलच म्हणाली.
मला मात्र उगाच
माझं सहा वाजताचं स्वयंपाकघर आठवलं,
कोट न काढता उभ्याने खाल्लेला ब्रेड,
कालचंच बोलणं आज पुन्हा, फोनवर, नाशिकला.

तोंडं कापडाने बुजवून,
एकही खपली आत पडू न देता,
लाकडी पट्टीने, मग ब्रशने, मग पुन्हा पट्टीने.
मीही जखमा अशाच धुते.
तीनशे वीस पौंड, आणि वर ताकीद:
आठवड्यातून एकदा मोटरवेवर ने,
चौथा गिअर, काटा तीन हजाराशी, अर्धा तास.
तेल सांगितलंय तेच.
थांबल्यावर पंखा फिरत असेल
तर किल्ली काढायची नाही.

रविवारी एम बासष्ट.
दोन्ही बाजूंना ओसाड माळ, मेंढ्या, धुकं,
आणि मी कुठेच जात नव्हते.
कुणाची जखम नाही, कुणाची सही नाही.
काटा धरून ठेवला. पाऊल हललं नाही.
आधी ती घुरघुरली,
मग मागे काहीतरी काळं सोडलं एकदाच,
मग आवाज एकसारखा झाला,
आणि मी काच खाली करून
त्या गारठ्यात तोंड उघडं ठेवून
कितीतरी मैल नुसती बसून होते.

सोमवारी आर्नल्ड खिडकीशीच.
"खोकला गेला."
हो ना?
"आता पट्टा किंचाळतोय. ऐकू आला?"
पट्टी गुंडाळत मी म्हटलं,
आला.
उद्या बघू.