गोडं पाणी

फहाहीलहून शेवटची बस साडेसातला.
कपडे बदलायला वेळच नव्हता, कॉलरला अजून
प्लांटचा वास, खारट वाफ आणि गरम रबर.
अहमदीच्या चर्चमागे गाड्या लावतात तिथे
अर्ध्या कापलेल्या पिंपात नवा अग्नी पेटवला.
वारा वाळू घेऊनच आला,
तीनशे मेणबत्त्या कागदी पेल्यांत लपल्या.

फादर व्हॅलेरियननी मोठ्या मेणबत्तीवर साल कोरलं,
धुपाचे पाच खडे खोचले, पाच जखमा.
शेजारी सिबीचन, वेल्डर.
ठिणगी उडाली की त्याचा हात
आपोआप डोळ्यांवर जातो. आजही गेला.

अंधारात तिसरं वाचन:
समुद्र दुभंगला, पाण्याच्या दोन भिंती,
मधून कोरडी वाट.
मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.
आम्ही समुद्र वरून पाहिला, एकदाच,
विमानाच्या खिडकीतून. पासपोर्ट कंपनीकडे.

मग सगळे दिवे एकदम.
नंदाखालला या घटकेला
गुरुवारपासून मुक्या घंटा
अख्ख्या गावाला उठवतात.
इथे एकच, हातातली,
तीही दार लावून.

मेणबत्ती पाण्यात उतरली, एकदा, दोनदा, तीनदा.
निळं प्लास्टिकचं टब. आणि मला
ते पाणी ओळखीचं निघालं.
आखातातून उपसलेलं, उकळलेलं, वाफ होऊन परतलेलं,
तीन नंबरच्या युनिटचं,
माझ्या वहीत माझ्याच अक्षरात: मीठ जवळपास शून्य.
चव काहीच नसते त्याला.
आम्हीच मागाहून थोडा चुना घालतो,
जिभेला पाणी वाटावं म्हणून.

एका फिलिपिनो बाळाचा बाप्तिस्मा झाला.
रडलं नाही. जीभ काढून
ओघळ चाटून पाहिला.

गेल्या आठवड्यात आई फोनवर:
इनास, विहीर मचूळ झाली रे.
बावखलाचंही तेच. पानवेल करपली.
तू तिकडे समुद्र गोड करतोस ना?
मी म्हटलं, हो. रेंज जातेय, म्हटलं.

मध्यरात्री लोक बाटल्या भरत होते.
मीही एक भरली, लेबल खरवडून.
जुलैत सुट्टी. विहिरीत ओतीन, म्हटलं,
हसू आलं तरी म्हटलं.

उद्या रविवार, इथे कामाचा दिवस.
पहाटे पाचला, शिफ्टच्या बसमध्ये,
येशू उठला रे, सिबीचन त्याच्या भाषेत म्हणाला.
मला तहान लागली होती.
अर्धी बाटली प्यालो.