निरंक

पास्विक नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते.
मधे पाणी. हिवाळ्यात तेही नाही,
नुसता बर्फ, ज्यावरून कोल्हा परवानगीशिवाय जायचा
आणि आम्ही त्याची वेळ टिपायचो.

मनोऱ्यात नियम चिकटवलेले होते:
पलीकडे दगड फेकायचा नाही.
बोलायचं नाही. हात हलवायचा नाही.
दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही.
काहीच दिसलं नाही तर वेळ घालून लिहायचं, निरंक.

वर्षभर मी डोळ्यांत तेल घालून
निरंक लिहिलं.

एकदा फेब्रुवारीत, दोन वाजून वीस मिनिटांनी,
पलीकडच्या मनोऱ्यातल्या पोराने जांभई दिली.
दुर्बिणीत त्याची दाढसुद्धा दिसली असती.
मग माझा जबडा आपोआप उघडला.
एस्किल म्हणाला, काय गं?
काही नाही, म्हटलं.
वहीत लिहिलं: एक व्यक्ती, टोपी, हालचाल नाही.
सीमा ओलांडून आलेली ती एकच गोष्ट
मी नोंदवली नाही.

आता त्रोम्सो. नोव्हेंबर संपत आलाय,
सूर्य गेलाय तो जानेवारीतच तोंड दाखवेल.
वर्गातली पोरं माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान,
पण मी अजून पावणेसहाला उठते,
पांघरुणाची घडी अशी घालते
की कोपऱ्याला बोट कापावं.
शेजारच्या खोलीतली इंगविल विचारते,
तपासायला कोण येणार आहे?
कुणी नाही.
तेच तर अवघड आहे.

सूक्ष्मदर्शकाच्या तासाला
तेल डोळ्यांत नाही, काचपट्टीवर घालतात.
एक थेंब. भिंग त्यात नाक बुडवतं.
काय दिसतंय, हाल्सेटबाई विचारतात,
आणि सगळे रोगांची नावं फेकायला लागतात.
मी म्हणते, गोल पेशी, जांभळा गाभा,
डाव्या कडेला चार,
एकीचा काठ फाटलेला, त्याचं कारण माहीत नाही.
बाई थांबतात.
कुठल्या तुकडीत होतीस?

खालच्या मजल्यावर थंड दालन आहे.
टेबल क्रमांक सात. नाव सांगत नाहीत,
वय सांगतात: त्र्याऐंशी, स्त्री.
पहिल्या दिवशी मी नकळत सावधान उभी राहिले,
टाचा जुळलेल्या, प्लॅस्टिकच्या जोड्यांत.
तिच्या अंगठ्याच्या नखावर
गुलाबी रंगाचा उरलेला कपचा होता.
त्वचा बाजूला केली, कंडरा उघड्या झाल्या,
पांढऱ्या, ताणलेल्या, तंबूच्या दोऱ्यांसारख्या.
मनगट धरून हलवा, कोणी म्हणालं,
म्हणजे कुठली कंडरा कुठे जाते ते कळेल.
मी हलवलं.
तिने हात हलवला.

बारा महिने मी ज्याची मनाई पाळली ते,
इतक्या जवळून,
पलीकडून.

त्या रात्री पुस्तकात मनगटाची आठ हाडं पाठ केली
आणि आठवं प्रत्येक वेळी विसरले.

गुरुवारी वृद्धाश्रमात पाठवतात, ऐकायला शिकायला.
ओड्वार, एक्याऐंशी, जन्म सीमेजवळच्या खाणगावातला.
स्टेथोस्कोप गार लागला म्हणून शिवी दिली,
मग माफी मागितली, मग पुन्हा शिवी.
मी पाच मिनिटं ऐकलं. लब, डब.
मधल्या शांततेतही ऐकलं,
काही सरपटतंय का, कुणी काठावर आलंय का.

काय सापडलं?
काही नाही, म्हटलं. सगळं ठीक आहे.
त्याचं तोंड पडलं.
एवढा वेळ ऐकत होतीस, मला वाटलं काहीतरी असेल!
मग खिडकीकडे बघत म्हणाला,
तू तिथे होतीस ना वर्षभर?
अजून बघतात का ते आपल्याकडे?
बघतात.
असं होय, म्हणाला, आणि उशीला टेकला,
आणि कवळी सरकेपर्यंत मोठी जांभई दिली.

मी मान वळवली, पण उशीर झाला होता.

फॉर्मवर शेवटचा रकाना: इतर निरीक्षणे.
पेन उघडून मी बराच वेळ बसले होते.
इंगविल दारातून म्हणाली, बस निघेल,
लिही ना पटकन काहीतरी.