साठ किलोचा माणूस

लॅबमध्ये मासा सगळ्यांत आधी नाव हरवतो.
सुरमई होती, आता ती व-११७.
पाठीकडचा तुकडा, अर्धा ग्रॅम,
वर नायट्रिक आम्ल. तपकिरी धूर निघतो,
आणि वीस मिनिटांनी भांड्यात
खवलं नाही, काटा नाही, वाससुद्धा नाही,
नुसतं पाणी.
प्यावंसं वाटेल इतकं स्वच्छ.

शिसं त्यातच असतं. कॅडमियम त्यातच.
पाऱ्याचं यंत्र वेगळं.
आकडा येतो, मी रकान्यात भरते,
शेजारच्या रकान्यात मर्यादा आधीच छापलेली,
आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, तो:

साठ किलोचा माणूस.
प्रौढ, निरोगी, आठवड्याला दीडशे ग्रॅम मासा खाणारा.
सगळा हिशेब त्याच्या पोटावर उभा.
नऊ वर्षं मी त्याला वाढतेय
आणि त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

दांडिया बाजारात असेल म्हणून बघितलं.
आमच्याच घरात बघितलं.
सासूबाई त्रेचाळीस किलो.
बडोद्यात आमची चौथी पिढी, गच्चीवरून समुद्र दिसत नाही,
तरी बुधवार, शुक्रवार, रविवार ताटात ओलं हवं.
"हळद चोळ दाबून, कोकम घाल, सगळं निघतं."
वास निघतो, आई.
शिसं कोकमाला भीत नाही.

स्वानंदी चौदा किलो.
तिला पोटाकडची तुकडी, मऊ म्हणून,
काटे मी बोटांनी शोधून काढते.
बोटांना लागतात तेवढेच काटे निघतात.

आणि जशीबेन,
बर्फाच्या पेटीमागे उकिडवी,
"लो बेन, वेरावळनी ताजी," सुरा खसकन,
तुकड्या आमच्या, डोकी तिची.
डोकी, काळीज, जे जे कुणी वजनात घेत नाही
ते संध्याकाळी तिच्या तपेल्यात.
रोज.
तिनं स्वतःचं वजन कधी केलेलं नाही.
तराजू आहे, पण तो माशांचा.

बाबा रंगाच्या कारखान्यात होते, नंदेसरीच्या वाटेवर.
रात्रपाळीत एक झडप सोडायची असे,
त्या रात्री निळं असेल तर निळं,
किरमिजी असेल तर किरमिजी.
मी डबा घेऊन गेले होते, दहा वर्षांची,
विचारलं, हे कुठं जातं?
"समुद्रात," म्हणाले, "तो मोठा आहे."
खोटं सांगत नव्हते.
त्यांना तो खरंच मोठा वाटायचा.
रविवारी त्याच समुद्राची पापलेटं आणायचे,
कल्ला उघडून मला दाखवायचे:
लाल बघून घ्यावं, फसू नये.

व-११७ मर्यादेच्या आत आली.
थोडीच आत, पण आत.
मी सही केली. सही खोटी नाही.
खाली मोकळी जागा असते, शेरा म्हणून,
तिथं "कुणासाठी?" एवढंच लिहावंसं वाटलं,
पेन टेकवलं, ठिपका पडला,
ठिपक्याला कोणी हरकत घेतली नाही.

घरी जाताना जशीबेनकडे थांबले.
म्हटलं, आज डोकं दे.
ती हसली. "बेन, माथानुं शुं करशो?"
पैसे घेईना. वर एक जास्तीचंही टाकलं,
लहान, घोळीचं, डोळे उघडे.
मला तिला सांगायचं होतं.
काय सांगायचं होतं ते तोंडात जुळेना,
माझं सगळं शिक्षण रकान्यांत,
आणि तिच्या पाटीवर रकाने नव्हते.

सकाळी साडेसात. लॅबमध्ये कुणी नाही.
पाटीवर डोकं, चिमट्यात गालाचं मांस.
चिठ्ठी चिकटवली, व-११८,
वजनाच्या जागी प्रथमच अडले:
खाणाऱ्याचं, किती धरू?

यंत्र तापायला अर्धा तास लागतो.