तळ्यावर, काहीही न शिकता

जानेवारीत मनगटावरच्या घड्याळाने कळवलं:
कालची झोप, शंभरपैकी एक्केचाळीस.
म्हणजे झोपेतही मी
काठावर पास.

तीन वर्षं चाललं होतं हे.
पहाटे साडेचार. गार पाण्याची अंघोळ.
वहीत कृतज्ञतेच्या तीन ओळी, रोज नव्या
(एका मंगळवारी काही सुचेना, ‘बेसिन’ लिहून मोकळी झाले).
वीस इटालियन शब्द. साखर बंद,
मग मीठ कमी, मग कुरकुर बंद.
श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर.
श्वास!
आईच्या पोटातून बाहेर पडल्यापासून
न बोलावता येत-जात होता बिचारा,
त्यालाही मी हजेरीपटावर घेतलं.

मग कुओपिओच्या दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीपाशी,
एका म्हाताऱ्याने आपलं नाव सांगितलं
आणि मला ते लिहिता येईना.
बोटं कळफलकावर तशीच.
‘वीर्तानेन,’ तो पुन्हा म्हणाला, हळू,
‘व पासून.’
मी व पाशीच रडायला लागले.
रांग अदबीने भिंतीकडे बघत राहिली.

सहा आठवड्यांची रजा मिळाली.
घरी आल्या आल्या विश्रांतीवरची चार पुस्तकं मागवली,
रंगीत पेनं काढली, फ्रिजवर तक्ता लावला:
सोमवार, दहा ते अकरा, काहीही न करणे.

शेजारचा ताइस्तो फावडं परत द्यायला आला होता.
त्याने तक्ता वाचला, ओठ हलवत, पार रविवारपर्यंत.
म्हणाला, ‘अकरानंतर मोकळी दिसतेस.’

कल्लावेसी तळं गोठून पांढरं सपाट.
त्याने गिरमिटाने बर्फाला भोक पाडलं,
बादली पालथी घातली, बस म्हणाला,
हातात वीतभर काठी दिली, तिला दोरा.
‘काय करायचं?’
‘धरायची.’
‘किती वेळ?’
तो इतका विचार करत राहिला
की एक कावळा अख्खं तळं ओलांडून गेला.
‘हात गारठेपर्यंत. मग दुसऱ्या हातात.’

भोकातलं पाणी काळं.
मी विचारलं, मनगट कसं ठेवायचं, दोरा किती सोडायचा,
यात तरबेज व्हायला माणसाला किती वर्षं लागतात.
‘मला कुठे येतंय,’ ताइस्तो म्हणाला.
‘चाळीस वर्षं येतोय इथे. अजून जमत नाही.’

त्याच्या आवाजात मी लाज शोधली.
सवयच ती, दुसऱ्याच्याही पेल्यात आपला गाळ शोधायची.
नव्हती.
थर्मासचं झाकण उघडताना पुन्हा कान दिला.
नव्हतीच.

उणे बावीसमध्ये माझं घड्याळ विझलं.
त्या दुपारची, माझ्या नाडीची, पावलांची
नोंद आता कुठेच नाही.
ती दुपार झाली
याला साक्षीदार एक ताइस्तो, आणि एक बोटभर मासा,
जो त्याने ‘जा, वाढ जरा’ म्हणून परत सोडला.
मला तो काही म्हणाला नाही.
मी मात्र दचकले होते,
‘वाढ’ ऐकून.

बरी झाले असं नाही म्हणणार.
म्हटलं की तीही एक इयत्ता होईल,
आणि मी लगेच पुढच्या वर्गाचं दप्तर भरायला घेईन.
फ्रिजवरचा तक्ता मी फाडलाही नाही.
मागच्या कोऱ्या बाजूवर आता बटाट्याची सालं काढते.
जाड निघतात. निघू देत.

एप्रिल. तळ्यावर बर्फ करडा पडलाय,
कुणी पाय ठेवत नाही.
साडेचारला जाग अजून येतेच,
लावलेली सवय मोडायलाही कष्ट पडतात, आणि ते मी करत नाही.
पडून राहते. रेडिएटर कुडकुड वाजतो.
कुणीही न विचारता एक शब्द वर येतो:
कुक्यायो.
चमचा.
तीन वर्षांतला बहुधा हा एकच टिकला.

उठेन तेव्हा कॉफीत साखर घालीन.
दोन कुक्यायो.
वरून थोडी.