एरडू

निपाणीत, अक्कोळ रस्त्याच्या वखारीत
विजेची तार आत न्यायची नाही, ही मालकांची अट.
म्हणे एकदा ठिणगी पडली होती,
तंबाखू तीन दिवस आतल्या आत जळत राहिला.

मी शिडीवर, तोंडाला रुमाल,
तरी दर चौथ्या वाशाला एक शिंक.
खाली इरय्या केबलचं भेंडोळं सोडत होता.
नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी,
पिळाच्या चार जोड्या.
दाताने साल काढू नको म्हटलं, तरी काढलीच.

मालक, दादोबा शिंत्रे, खुर्ची ओढून बसले.
"कॅमेऱ्याला जेवण कुठनं मिळणार?"
"ह्यातनंच."
"आन् चित्र?"
"ते पण ह्यातनंच."
इरय्याने वर बघितलं: माता, करंटा?
म्हणजे बोलणं की वीज.
मी म्हटलं, एरडू.
दोन्ही.

दादोबांनी कापलेलं टोक उलट्या हाताला लावलं.
"मेलंय की हे."
मेलं नाही. ओळख पटल्याशिवाय देत नाही.
मागच्या ऑफिसातली पेटी आधी थोडाच दाब टाकते,
दार बोटाने वाजवावं तेवढा,
आणि थांबते.
पलीकडून ठरलेला अडथळा जाणवला
तर विचारते, भूक किती?
मग अठ्ठेचाळीस व्होल्ट.
तुमच्या हाताने तसं उत्तर दिलं नाही, एवढंच.

"मग दोन्ही मिसळत कसं न्हाई?"

चिकोडीच्या कोर्सात मास्तर फळ्यावर दोन रेघा ओढून
जेवायला गेले, ते परत आलेच नाहीत.
शिड्यांवर बसून बसून मला उमगलं ते असं:
जोडीतल्या दोन्ही तारांवर वीज सारखीच चढते,
वेदगंगेला पाणी आलं की
काठच्या दोन्ही नावा सारख्याच वर येतात तशी.
बोलणं म्हणजे
त्या दोघींतला फक्त फरक.

दादोबा गप्प.
इरय्या मात्र "हौदु" म्हणाला,
आणि बायकोशी मराठीत भांडून
आईशी कन्नडात समेट करणारा माणूस हसतो
तसा हसला.

शंभर मीटरच्या पुढे तार थकते.
आमचं फाटक एकशे सहावर.
पेटी उचलून पहारेकऱ्याच्या खोलीत आणली,
टोक खोचलं.
काहीच नाही.
दोन श्वास.
मग फाटकावर हिरवा ठिपका.

मोबाइलवर पहिलं चित्र आलं:
रस्ता, वखार, आम्ही तिघं,
सगळे उलटे, पाय आभाळात.
"तार शहाणी हाय," दादोबा म्हणाले,
"लावणाऱ्याला तेवढा सुलटा करा."